मिरजेतून उठून आलेलं शहर

नमस्कार मंडळी.

सांगलीच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की सभागृहात कुणीतरी हात वर करतंच, आणि प्रश्न ठरलेला असतो: सांगली हे नाव कसं पडलं? त्यामुळे तो आधीच उरकून टाकतो. सहा गल्ल्या म्हणून सांगली, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. पण त्या सहा कुठल्या, हे विचारून बघा. एकाच घरातली दोन माणसं एकच यादी देणार नाहीत. दुसरा पक्ष संगमवाल्यांचा. हरिपुराला वारणा कृष्णेला मिळते, त्या संगमावरून सांगली. ऐकायला दोन्ही बरं आहे. मला मात्र दोन्हींत फारसा रस नाही, कारण नाव जुनं आहे आणि शहर नवं. कृष्णाकाठी सांगली नावाचं खेडं होतंच. त्याचं शहर झालं ते १८०१ च्या पुढं. म्हणजे आपलं शहर सव्वादोनशे वर्षांचं. मिरजेच्या तुलनेत कालचं पोर.

आणि हे पोर जन्माला आलं ते भाऊबंदकीतून. मला आज हेच सांगायचं आहे. या शहरात पुढं जे जे चांगलं झालं, त्याचा धागा मला तरी त्या भांडणापाशी सापडतो.

भांडण समजायला थोडं मागं जावं लागेल. सांगली-मिरजेचे संस्थानिक पटवर्धन मूळचे कोकणातले, रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. हरभट पटवर्धन हे पुळ्याच्या गणपतीचे निस्सीम भक्त. घाटावर आले ते इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्याय म्हणून. पूजा सांगणाऱ्या माणसाची मुलं तलवार धरतात आणि दोन पिढ्यांत दक्षिणेतली मोठी सरदार घराणी होतात, ही गोष्ट अठराव्या शतकातच घडू शकत होती. घोरपड्यांच्या घरात पेशव्यांची मुलगी, बाळाजी विश्वनाथांची अनुबाई, सून म्हणून आली होती. त्या दारातून हरभटांच्या मुलांना पुण्याची वाट मिळाली. गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी हे तिघे पुढं आले. माधवराव पेशव्यांच्या काळात गोविंदरावांकडं मिरज आली. सांगलीतला हरभट रस्ता रोज तुडवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की हा रस्ता एका उपाध्यायाच्या नावाचा आहे? हरिपुराचं नावही त्यांच्याच स्मरणार्थ, असं सांगतात.

मिरजेला किल्ला होता, मीरासाहेबांचा दर्गा होता, बाजार होता. मुख्य म्हणजे दक्षिणेतल्या, म्हैसूरच्या हैदर अलीशी लढायला निघणाऱ्या फौजांना तळ म्हणून मिरज सोयीची होती. पटवर्धनांची नोकरी म्हणजे हीच: तुंगभद्रेपर्यंतची राखण. ती नोकरी फुकटची नव्हती. १७७७ साली सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन मारले गेले आणि गोविंदरावांचे चिरंजीव पांडुरंगराव हैदराच्या हाती सापडले. ते परत आले नाहीत. श्रीरंगपट्टणच्या कैदेतच गेले.

या पांडुरंगरावांचा मुलगा म्हणजे चिंतामणराव. आपले थोरले आप्पासाहेब. वडील गेले तेव्हा अगदी लहान. सरंजाम, म्हणजे फौज पोसायला मिळालेली जहागीर, नावावर झाला तोही लहानपणीच. मग कारभार कुणी बघायचा? चुलत्यांनी. गंगाधरराव पटवर्धनांनी तो बघितला, आणि बरीच वर्षं बघितला.

इथं मी थांबतो, कारण पुढचं तुम्हाला सांगायची गरजच नाही. पुतण्या अज्ञान, चुलता कर्ता, पुतण्याला मिसरूड फुटतं, तो हिशेब मागतो. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर हीच गोष्ट आपल्या तालुक्यात आजही चाललेली असते. फरक इतकाच की इथं उताऱ्यावर शेकडो गावं होती आणि वादी-प्रतिवादींकडं स्वतःची घोडदळं होती.

चुलत्यावर सगळा दोष टाकायची आपल्याकडं पद्धत आहे. राघोबादादांपासून पडलेली. मी तसं करणार नाही. गंगाधररावांनी पडत्या काळात सरंजाम सांभाळला, हे खरं आहे. सांभाळलेली वस्तू परत देताना हात जड होतो, हेही खरं आहे. चिंतामणरावही काही गरीब गाय नव्हते. १८०० साली बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग करणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मोहिमेत हा तरुण आपली फौज घेऊन होता. त्याच मोहिमेत पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले मारले गेले. असल्या धामधुमीतून परतलेला पंचविशीतला माणूस चुलत्याच्या ताटाखालचं मांजर होऊन राहील, हे शक्य नव्हतं.

वाटणी झाली. मिरज चुलत्याकडं राहिली. चिंतामणराव उठले आणि सांगलीला आले.

येताना त्यांनी गणपती बरोबर आणला. हा भाग सांगलीकर फार रंगवून सांगतात. रात्र होती, पहारा होता, मूर्ती शालीत गुंडाळलेली होती वगैरे. रात्र होती का दिवस, यावर मी काही पैज लावणार नाही. पण गोष्टीच्या आत जे आहे ते पक्कं आहे. वाटणीत भांडी वाटता येतात, जमीन वाटता येते, कर्जसुद्धा वाटता येतं. देव वाटता येत नाही. तो कुणातरी एकाकडंच जातो, आणि ज्याच्याकडं जातो तो म्हणतो, मूळ घर माझं. चिंतामणरावांकडं किल्ला नव्हता, बाजार नव्हता, जुनं नाव नव्हतं. देव होता. आजही सांगलीला पत्रिका पहिली कुणाला जाते? सांगली संस्थानाचा अधिपती गणपती, राजा त्याचा सेवक, ही समजूत तिथून आलेली आहे.

भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच गणपती मंदिरात गुपचूप बसणारा चोर गणपती आपल्याला माहीत आहे. गाजावाजा नाही, वाजंत्री नाही. काही जण त्याचा संबंध मिरजेहून 'चोरून' आणलेल्या मूर्तीशी जोडतात. ही जुळवाजुळव मला पटत नाही, पण ऐकायला गंमत वाटते, म्हणून सांगितली.

आता प्रश्न असा की सांगलीच का? मिरज उंचावर आहे, सांगली नदीच्या कुशीत. ज्यानं गाव वसवलं त्याला पूर दिसत नव्हता का? दिसत असणारच. पण त्याच्या हिशेबात दुसऱ्या गोष्टी होत्या. मिरजेपासून अंतर दोन-तीन कोसांचं. म्हणजे वेगळं व्हायचं, पण नजरेआड व्हायचं नाही. आपला हक्क सांगायचा तर शेजारी राहूनच सांगावा लागतो. बारमाही पाणी, घाट बांधायला काठ, स्नानसंध्येची सोय, पलीकडं सांगलीवाडी आणि नावेची उतारपट्टी. आणि कोल्हापूर. कोल्हापूरकर आणि पटवर्धन यांचं वैर त्या दिवसांत अगदी तापलेलं होतं. १७९९ मध्ये पट्टणकुडीला परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरच्या फौजेशी लढताना मारले गेले होते, त्याला दोनच वर्षं झाली होती. तेव्हा पश्चिमेला नदी असणं ही अडचण नव्हती, सोय होती.

तरी किल्ला बांधला. गणेशदुर्ग. भोवती खंदक. आजच्या राजवाडा चौकातून जाताना किल्ल्याचं भान राहत नाही, कारण आत कचेऱ्या आणि बाहेर वडापावचे गाडे. या खंदकाची खरी परीक्षा घेतली ती बाहेरून आत येणाऱ्यांनी नव्हे, आतून बाहेर पडणाऱ्यांनी. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले ते तटावरून याच खंदकात उड्या टाकून. दादांना गोळी लागली, दोन साथीदार प्राणाला मुकले. कोल्हापूरकरांसाठी खणलेला खंदक कामाला आला तो असा, आणि तोही संस्थानाच्याच विरुद्ध.

किल्ल्यानं शहर होत नाही. महाराष्ट्रात साडेतीनशे किल्ले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर आज गवत आहे. शहर होतं पेठेनं. पेठ कशी वसते, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या शाळेतल्या इतिहासात ते कधी येत नाही.

मराठी राज्यात नवी पेठ बसवायची तर धनी कौल देत असे. कौल म्हणजे लेखी अभय आणि सवलत. या, घरं बांधा, दुकानं घाला, पहिली काही वर्षं कर माफ. पुढं कर लागेल तो एकदम नाही, दर वर्षी थोडा थोडा चढत जाईल. त्या चढत्या कराला इस्तावा म्हणत. पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडं, त्यांना मान आणि हक्क. वाण्याला जागा, सोनाराला जागा, कोष्ट्याला जागा, ब्राह्मणाला इनाम. म्हणजे आज औद्योगिक वसाहतीत भूखंड घेणाऱ्याला ज्या सवलती देतात, त्याच. फक्त तेव्हा त्यावर राजाचा शिक्का असे आणि राजा वाड्यात भेटत असे.

सांगलीची गणपती पेठ अशी उभी राहिली. नाव बघा. राजाचं नाव नाही, देवाचं. इथं व्यापार करायला येणाऱ्याला सांगायचं होतं की राजा आज आहे, उद्या नाही, पण ज्याच्या नावाची पेठ आहे तो हलणार नाही. नव्या गावाला पत नसते, ती उसनी आणावी लागते. ती गणपतीकडून आणली.

लोक आले. गाडगीळ सराफांची पेढी १८३२ साली सांगलीत सुरू झाली. म्हणजे गाव वसून तीस-एकतीस वर्षांतच इथं सोन्याचा धंदा पाय रोवत होता. सराफ हा फार सावध प्राणी. ज्या गावात चोरीची भीती आहे, जिथला राजा सावकाराकडं वाकड्या नजरेनं बघतो, तिथं तो दुकान घालत नाही. एखादं गाव कधी शहर झालं हे जनगणनेवरून ठरवतात, मी ते सराफाच्या दुकानावरून ठरवेन.

आणि मंदिर. ते मात्र निवांत चाललं. नदीकाठ, खाली मऊ माती, त्यामुळे पाया भरण्यातच किती वेळ गेला असेल! काळा दगड जोतिबाच्या डोंगराकडून आणला. काही दशकं काम चाललं. मूर्तीची प्रतिष्ठा चिंतामणरावांच्या उतारवयात झाली. पंचवीस वर्षांचा माणूस देव घेऊन येतो आणि त्याला कायमचं घर द्यायला त्याचे केस पांढरे होतात. तासगावला परशुरामभाऊंनी त्याआधीच सात मजली गोपूर असलेलं गणपतीचं देऊळ उभारलेलं होतं. पटवर्धनांच्या घरातली ही आणखी एक चढाओढ. सांगलीच्या देवळात गोपूर नाही. सरळ, रुंद, मोकळं देऊळ, पुढं ऐसपैस आवार. ते पंचायतन आहे: मधे गणपती, आणि भोवतीच्या चार देवळांत चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्यनारायण, लक्ष्मीनारायण. पहिल्या दोन नावांत चिंतामणराव कसे हळूच बसलेत बघा. पेठेला देवाचं नाव देणाऱ्या माणसानं देवळात स्वतःचं नाव ठेवलं. एवढी हौस माणसाला असावी.

राजकारण मी भरभर सांगतो. दुसऱ्या बाजीरावाला पटवर्धन डोळ्यांत खुपत होते. १८१२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीनं पंढरपूरला तडजोड झाली आणि पटवर्धनांचे सरंजाम वाचले. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ला कंपनीशी सांगलीचा तह झाला. त्यात एक बारकावा आहे. सरदारांनी ठरलेले घोडेस्वार कंपनीच्या चाकरीला द्यायचे होते. चिंतामणरावांनी त्याऐवजी मुलूख तोडून दिला. पेशव्याची चाकरी केली ती केली, आता फिरंग्याची नाही, असा तो बाणा असं आपण म्हणतो. बाणा असेलही. पण घोडेस्वार पोसण्याचा खर्च दर वर्षी डोक्यावर ठेवण्यापेक्षा एकदाच जमीन देऊन मोकळं होणं हा व्यवहारही होता. बाणेदार आणि व्यवहारी एकाच वेळी असायला बंदी नाही.

त्या तहाचा शहरावर जो परिणाम झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लढाया संपल्या. फौज नको झाली. राजाकडं पैसा होता, वेळ होता, दरबार होता, आणि करायला काही नव्हतं. अशा वेळी संस्थानिक एकतर शिकारीच्या नादी लागतात, नाहीतर मुकदम्यांच्या. सांगलीला नाटक मिळालं.

१८४२ मध्ये कर्नाटकातून, होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवत मंडळींचा यक्षगानाचा, म्हणजे तिकडच्या नाच-गाण्याच्या नाटकाचा, मेळा सांगलीला आला. त्यांनी चिंतामणरावांपुढं खेळ केले. राजाला ते आवडले आणि खटकलेही. नाचणं, ओरडणं फार, भाषा परकी. पण कल्पना मनात बसली: असं काहीतरी आपल्या भाषेत का नसावं? पदरी विष्णू अमृत भावे नावाचा तरुण होता. त्याला कविता करायचा नाद होता आणि कळसूत्री बाहुल्या करायची हातोटी होती. राजानं त्याला सांगितलं, कर. आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं. आज महाराष्ट्रभर त्या दिवशी मराठी रंगभूमी दिन पाळतात.

तो खेळ कसा दिसत असेल, जरा डोळ्यांपुढं आणा. पडदा म्हणजे एक कापड. सूत्रधार बाजूला झांज घेऊन उभा, आणि तो उभाच, शेवटपर्यंत. आधी मंगलाचरण. मग अंगाला झाडपाला बांधलेला वनचर, म्हणजे विदूषक, उड्या मारत येतो. मग गणपतीची स्वारी, मग मोरावर बसून नाचणारी सरस्वती. त्यांचे आशीर्वाद घेतल्यावर कथा सुरू. पदं सूत्रधार म्हणणार, पात्रांनी त्या पदाला धरून आपल्या मनानं भाषण करायचं. लिहिलेले संवाद नाहीत. मग येतो राक्षस. दाढी-मिशा लावलेला, तलवार परजत, 'अलललल डुर्रर्र' अशी आरोळी ठोकत. या आरोळीवरून पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी या नाटकांची 'अललडुर्र' म्हणून टर उडवली. उडवू द्या. टर उडवणाऱ्यांना उभं राहायला रंगमंच या राक्षसांनीच दिला होता.

मला नेहमी वाटतं, हे मिरजेत झालं नसतं. मिरजेला स्वतःचा जुना ठेवा होता. दर्ग्याचा उरूस होता, सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा तिथं उभी राहत होती. ज्याच्याकडं जुनं असतं तो ते सांभाळतो. सांगलीकडं सांभाळायला काही नव्हतं. बेचाळीस वर्षांचं गाव. त्याच्या राजाला परक्या भाषेतला खेळ बघून, हे आपल्याकडं नाही, अशी टोचणी लागते आणि तो सरळ नवं करायला सांगतो. ही टोचणी नव्या घराची असते.

१८५१ मध्ये चिंतामणराव गेले. आणि भाव्यांचा आसरा संपला. नव्या कारभाऱ्यांना नाटक म्हणजे उधळपट्टी वाटली. गाडीभर सामान, नटांचा लवाजमा आणि अंगावर देणं, असा हा माणूस गावाबाहेर पडला. आपण सांगलीकर विष्णुदासांचा पुतळा, नाट्यगृह, पदक यांचा अभिमान मिरवतो. मिरवावा. पण सांगलीनं त्यांना एकदा वाऱ्यावर सोडलं होतं, हेही म्हणावं. विचित्र गोष्ट अशी की त्यानंच मराठी नाटक वाढलं. राजाश्रय असता तर ते राजवाड्यातच राहिलं असतं. पोटासाठी फिरावं लागलं म्हणून ते पुण्याला गेलं, मुंबईला गेलं, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. लोक पैसे मोजून मराठी नाटक बघायला लागले. पुढं हरिपुरात नाटककार देवल जन्मले, सांगलीत नाटककार खाडिलकर. ते सगळं तुम्हाला पाठ आहे, मी त्यात शिरत नाही.

मी शिरणार आहे पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात. हळदीच्या.

सांगली म्हणजे हळद, असं म्हणतात. प्रत्यक्षात इथं पिकते त्याहून कितीतरी जास्त हळद इथं विकायला येते, पार आंध्रापासून. मग बाजार इथंच का? एक कारण पेठेचं, ते झालं. दुसरं कारण जमिनीखाली आहे. हरिपुराच्या बाजूची माती अशी चिवट की वीस-पंचवीस फूट खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही आणि ओलही आत येत नाही. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली सुरईसारखं पसरत जाणारं पोट. आत पाल्याचं अस्तर लावायचं, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं हळद आत राहते, किडत नाही, रंग उलट खुलतो, असं व्यापारी सांगतात. पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जीव घेते. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरवायचा.

मी एकदा एका पेवाच्या काठावर उभा राहून खाली बघितलं होतं. वरून शेतच दिसतं, पेव आहे हे पाय टाकेपर्यंत कळत नाही. खालून जो वास वर येतो तो हळदीचा आहे हेसुद्धा पहिल्यांदा लक्षात येत नाही, इतका तो दाट असतो. मालक म्हणाले, "साहेब, चष्मा सांभाळा." तेवढाच त्या भेटीतला संवाद आठवतो.

या पेवांमुळे सांगलीचा व्यापार वेगळा झाला. माल आज भरायचा, पावती घ्यायची, भाव चढेपर्यंत थांबायचं. थांबता येतं म्हणून सौदा करता येतो. पुढच्या महिन्याच्या भावावर आज बोली लावायची, म्हणजे वायदा, तो सांगलीच्या हळदीत चांगलाच मुरला, आणि त्याच्या जोडीला सट्टाही. थांबण्याची सोय मातीनं दिली. त्याच मातीशेजारच्या नदीनं २००५ च्या महापुरात शेकडो पेवांत पाणी भरलं आणि कित्येक कायमची निकामी झाली.

रेल्वेची गोष्ट मात्र सांगलीकरांना बोचते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं रूळ आले ते मिरजेला. जंक्शन मिरज झालं. पेठ इकडं आणि गाडी तिकडं. सांगलीला आपली छोटी गाडी मिळाली १९०७ मध्ये, मिरजेपर्यंत जाणारी. चुलत्याच्या गावाला जाऊन मग जगाला जायचं. तोवर नगरपालिका १८७६ ला आलेली होती. १९०१ च्या जनगणनेत सांगलीची वस्ती सुमारे सतरा हजार भरली. आज एखाद्या उपनगरात तेवढी माणसं असतात. आणि राजधानी होती केवढ्याची? अकराशे चौरस मैलांच्या संस्थानाची, पण सलग नाही. मिरज प्रांत आणि कुची इकडं, मंगळवेढं तिकडं, तेरदाळ खाली, शिरहट्टी आणखी खाली, आणि शहापूर तर बेळगावच्या दाराशी. धोतरावर शाई सांडावी तसं संस्थान. सांगलीच्या कचेरीत कन्नड कानावर पडायचं, ते त्यामुळे.

दुसरे चिंतामणराव, धाकटे आप्पासाहेब, यांच्या काळात विश्रामबागेला १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज आलं, १९२९ ला कृष्णेवर आयर्विन पूल झाला. विश्रामबाग म्हणजे सांगलीहून मिरजेच्या वाटेवर. शहर पसरायला लागलं ते नदीपासून दूर, मिरजेच्या दिशेनं. ज्या गावाकडं पाठ करून आपण निघालो होतो, शंभर वर्षांनी त्याच दिशेला घरं बांधत सुटलो. कारण साधं होतं, तिकडं जमीन उंच आहे.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. वर्षभरानं दक्षिण सातारा जिल्हा झाला, मुख्य ठाणं सांगली, आणि १९६० मध्ये जिल्ह्यालाही सांगलीचंच नाव मिळालं. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. १८०१ ची वाटणी १९७ वर्षांनी रद्द झाली म्हणायची. नावात आधी सांगली आहे. त्याबद्दल मिरजेतल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा, पण चहा पिऊन झाल्यावर विचारा.

पावसाळ्यात आपल्याकडं तब्येतीची चौकशी करत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, पेठेत नावा चालल्या. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घरी एक फोन आला. पलीकडून मिरजेचा कुणीतरी आतेभाऊ, मावसबहीण, सासुरवाडीचं माणूस बोलत होतं, आणि सगळ्यांचं वाक्य एकच होतं: "कशाची वाट बघताय? कागदपत्रं घ्या, म्हाताऱ्यांना घ्या आणि इकडं वर या." आम्ही गेलो. आमच्या शेजारच्या आजींनी कपड्यांच्या पिशवीत सगळ्यात वर देव्हाऱ्यातला गणपती ठेवला होता, टॉवेलात गुंडाळून.